भाड्याच्या पुस्तकाला कुंकू

४ सप्टेंबर
सावंतवाडीहून परत येताना, एसटीत. अक्षर गचके खातंय, चालायचंच.

करार कायद्याचं पुस्तक आज हातात घेऊन पाहिलं. जड आहे. लॉ कॉलेजचे सर म्हणाले, ह्याच्याशिवाय पहिलं सत्र निघणार नाही. स्टँडसमोर पेडणेकरांचं दुकान. तिथे विकतही मिळतं आणि सत्रापुरतं भाड्यानेही. वर्गातली बहुतेक पोरं भाड्याने घेतात, परीक्षा झाली की परत. मला विकत हवंय. आत माझं नाव घातलेलं. पण तशीच बाहेर आले, घरी विचारून घेऊ म्हणून. लेक बारावीला आली आणि मी पुस्तक घ्यायला विचारतेय. स्वतःचाच राग आला.

५ सप्टेंबर
विचारलं. म. ओटीवर जाळं सांधत बसले होते. (नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायला रोजनिशीतसुद्धा हात वळत नाही. म. पुरे.) मान वर न करता म्हणाले, "आधी भाड्यान हाड गो. मगे बघूया."

म्हणजे आधी भाड्याने आण. मगे बघूया म्हणताना नजर कुठे गेली ते मी पाहिलं. ओटीच्या कोपऱ्यात शिलाई मशीन आहे, वर चादर. ते मी विकत घेतलं होतं, हट्टाने. त्याने आजवर दोन परकर आणि तन्वीची एक पिशवी शिवली. त्याच्याआधी केकचा क्लास. त्याच्याआधी स्पर्धा परीक्षा, तिची पुस्तकं पुढे बंबात गेली. म. नी ह्यातलं काही बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

तन्वीला मात्र सगळी पुस्तकं नवी कोरी, न मागता. असू दे. पोरीचं आणि माझं काय.

९ सप्टेंबर
घेतलं. भाड्याने.

पेडणेकरकाका प्रत्येकाला तोच मंत्र ऐकवतात. "लिवचा नाय, दुमडूचा नाय, जेवताना उघडूचा नाय." पुस्तकाला जाड प्लास्टिकचं कव्हर, कडा चिकटपट्टीने बंद. कोणाच्या लहान बाळाला टोपडं बांधून दिल्यासारखं माझ्या हातात ठेवलं.

शेजारी अस्मिता उभी होती. बांद्याची. वर्गात लग्न झालेल्या आम्ही दोघीच, त्यामुळे आपोआप एका बाकावर. माझ्याहून पुष्कळ लहान, बांद्यात औषधांच्या दुकानात काम करते, पोट आता दिसायला लागलंय. तिनेही भाड्यानेच घेतलं. मी कुरकुरले तर म्हणाली, "भाड्याचाच बरा ताई. घरात ठेवक जागा खंय आसा?" तिला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मला का वाटावा?

१४ सप्टेंबर
मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. आज पुण्याचं एक कुटुंब गेलं. भली माणसं. खोली झाडताना वाटलं, भाड्याने राहणारा माणूस भिंतीला खिळा ठोकत नाही. टॉवेल खुर्चीवर वाळत घालतो. गेल्यावर चादर बदलली की इथे कोण होतं ते कळतसुद्धा नाही.

मी त्या पुस्तकात तशीच राहतेय.

वहीत वेगळं लिहून काढते. मग वहीतलं वाचताना पुस्तकात कुठे होतं ते सापडत नाही, आणि पुस्तक वाचताना वही स्वयंपाकघरात. पुस्तक इंग्रजी, डोकं मालवणी, वही मराठी. तिघांची गाठ पडेल तेव्हा पडेल.

१९ सप्टेंबर
गंमत. दुपारी दाराशी उजेडात वाचत होते. पान तिरकं धरलं तर ओळींखाली रेघा दिसल्या. कोणीतरी पेन्सिलीने मारून मग खोडलेल्या. पेन्सिल गेली, खड्डे राहिले. बोट फिरवलं की लागतात. लिवचा नाय म्हटलं तरी माणूस लिहितोच.

मग मी ते खड्डेच शोधत बसले. बरं शिकणारा (की शिकणारी?) होता. जिथे मला अडलं तिथेच ह्याच्याही दोन दोन रेघा. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला. मग संमतीचं प्रकरण अर्ध्यावर आलं आणि रेघा बंद. पुढे एकही नाही. पुढची पानं कडक, एकमेकांना धरून बसलेली, कोणी उघडल्यासारखी वाटत नाहीत.

सोडलं असणार त्याने. का सोडलं असेल? नोकरी लागली, लग्न झालं, कंटाळा आला. तीन प्रकरणांत पुस्तक कसं सुटतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी अशी पुष्कळ सोडलीत. पुस्तक मिटून ठेवलं. भाकऱ्या करायच्या होत्या.

२५ सप्टेंबर
थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. पुस्तक बघून, "वकीलीणबाय, आमचा पण वायच बघा हां." हसल्या. सोबतची बाई पण हसली. मी पण हसले. कोर्टात उभी राहीन तेव्हा ह्यांना पहिल्या बाकावर बसवीन.

वाचन: शून्य. खोल्यांना पाहुणे.

२ ऑक्टोबर, दसरा
दुपार. रागाने लिहितेय.

सकाळी मी आत सांज्याच्या पोळ्या करत होते. बाहेर म. नी पूजा मांडली, दर वर्षीसारखी. जाळं विणायची सुई, कोयता, होडीच्या इंजिनाचा पाना, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचा एक पदर, तन्वीची पुस्तकं. शिलाई मशीनही, चादर काढून, झेंडूची माळ घालून. वर्षातून एकदा ते उजेड बघतं. माझं पुस्तक मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू, पिशवीत बरी.

म. नी ते पिशवीतून काढून पाटावर ठेवलं. ठेवलं तर ठेवलं. पण प्लास्टिकवर कुंकू लावून काय उपयोग, पुस्तकाला लागायला हवं, म्हणून कव्हराची पट्टी सोडवली, पहिलं पान उघडलं आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. ह्यांची बोटं दोर ओढून ओढून झालेली, ह्यांचं एक म्हणजे माझी दोन. वर हळद, वर अक्षता, वर झेंडू. नारळ तिथेच फोडला. पाणी उडालं. लाल ओघळ थेट अनुक्रमणिकेपर्यंत.

मी काही बोलले नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला. सणाच्या दिवशी पुष्कळ बोलले. भाड्याचं आहे, परत द्यायचंय, तो माणूस एक डाग चालवून घेत नाही, तुम्हीच सांगितलंत ना भाड्यान हाड, मग आता दुसऱ्याच्या पुस्तकाची पूजा कशाला?

म. चा चेहरा पडला. तन्वी आत निघून गेली. म. म्हणाले,

"आमी वापरतंव ता पूजतंव. रापणीचा जाळा काय माझ्या एकट्याचा आसा? कोणाकोणाचे पदर जोडून झालाहा ता. तरी कुंकू लावतंवच मा आमी?"

मी आत गेले आणि उरलेल्या पोळ्या आदळआपट करत लाटल्या.

आणि आता पुस्तक उद्यापर्यंत उघडायचं नाही. पूजेतलं पुस्तक दसऱ्याला उघडत नाहीत. उद्या सकाळी सरांची चाचणी आहे.

३ ऑक्टोबर
चाचणी दिली. न वाचता. बरी गेली, हे आश्चर्य. डोक्यात जे होतं तेवढंच लिहिलं, आणि डोक्यात मला वाटलं होतं त्याहून जास्त होतं. घरी कोणाला सांगितलं नाही. अजून रुसलेली आहे मी.

७ ऑक्टोबर
तन्वीने मोबाइलवर डाग काढायचे उपाय शोधले. लिंबू, टाल्कम पावडर, नखांचं पॉलिश काढायचं ते पाणी. ते पाणी कापसाने लावून बघितलं. कुंकू होतं तिथेच राहिलं, छापलेलं लेखकाचं नाव मात्र पुसट झालं. दोघी हसत सुटलो. म. नी डोकावून बघितलं आणि न विचारता गेले.

अजून पेडणेकरांना सांगितलेलं नाही. स्टँडवर उतरले की मागच्या गल्लीने कॉलेजला जाते. ह्या वयात दुकानदाराला चुकवतेय.

११ ऑक्टोबर
एसटीत. अजगावच्या पुढे रस्ता बरा आहे तोवर लिहून घेते.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात उगाच चाळत होते, ह्या सत्राला नाहीच तो. एक प्रकरण आहे, एकाने दुसऱ्याला वस्तू वापरायला किंवा सांभाळायला दिली तर काय. नियम साधा: सांभाळणाऱ्याने ती वस्तू, एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल, तशी जपायची. स्वतःची असल्यासारखी.

आता आमच्या घरातला शहाणा माणूस स्वतःची वस्तू दसऱ्याला कशी जपतो? न्यायाधीशासमोर म. ना उभं केलं तर सुटतील. मला हसू आलं, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

हसू ओसरल्यावर दुसरं लक्षात आलं. पाटावर ते काय काय ठेवतात? हातात रोज असतं ते. माझं पुस्तक त्यांनी त्यात धरलं. आणि मी? मी ते पिशवीत ठेवलं होतं.

१५ ऑक्टोबर
गेले. सगळं सांगायची उजळणी करत गेले आणि दुकानात पुस्तक नुसतं पुढे केलं.

पेडणेकरकाकांनी कव्हर उघडलं. कुंकू दिसलं. मला वाटलं आता सुरू होणार. काकांनी पुस्तक मिटलं आणि डोळ्यांना लावलं, सवयीने लावतात तसं. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "आता ह्या मी परत कसा घेव गो बाय? पुजलेला पुस्तक दुसऱ्याच्या घराक भाड्यान कसा धाडू?"

मी म्हटलं, काका, ते पान काढून टाकू. असं बघितलं माझ्याकडे की पुढचं बोलायची सोय राहिली नाही.

"तुमच्याकडेच रवांदे ता."

म्हणजे विकत. भरलेलं भाडं वळतं करून घेतलं त्यांनी, तेवढा माणूस सरळ. मला कोरं हवं होतं, माझं नाव घालायला. मिळालं हे: कोणाच्यातरी खोडलेल्या रेघा, नवऱ्याचं बोट, तन्वीने पुसट केलेला लेखक.

घरी येऊन म. ना सांगितलं. "बरा झाला," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

१६ ऑक्टोबर
आज खरं लिहायचं ठरवलंय.

मला आनंद व्हायला हवा होता. महिनाभर ज्यासाठी तोंड फुगवून होते ते पुस्तक माझं झालं. आणि काल एसटीत बसल्यापासून ते पिशवीतून बाहेर काढलेलं नाही. का ते आज भांडी घासताना कळलं. भाड्याच्या पुस्तकाला परत द्यायची तारीख असते. ती तारीख मला सोयीची होती. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर पुस्तक परत, विषय परत, कोणाला पत्ता लागणार नाही, घरात एकही वस्तू मागे राहणार नाही चादर घालायला. म. ना माझा भरवसा नाही म्हणून मी रागावले होते. भरवसा मला नव्हता.

म. नी भाड्याने हाड म्हटलं ते कशामुळे, हे मी त्यांना विचारलंच नाही कधी. मीच शिलाई मशीनकडे बघितलं असेल, त्यांनी नसेलही.

आता परत कुठे द्यायचं? घरात आहे. राहणार.

१८ ऑक्टोबर
पेन घेऊन बसले. निळं. बराच वेळ नुसतं धरून. शेवटी संमतीच्या प्रकरणात, जिथे त्या आधीच्या माणसाच्या रेघा संपतात तिथे, समासात लिहिलं. पहिला शब्द काय लिहावा? मालवणीत उतरला. लिहून झाल्यावर चोरी केल्यासारखं इकडेतिकडे बघितलं.

काय लिहिलं ते लिहिते: 'दडपण. बोलणारो काय बोलता ता बघूचा नाय, ऐकणारो कोणाक भियाता ता बघूचा. उदा. थोरली जाव.'

परीक्षेत उदाहरण बदलावं लागेल.

५ नोव्हेंबर
रोज लिहितेय. समास भरत चाललेत. अल्पवयीनाचा करार: 'तन्वीन सही केली तरी चलाचा नाय.' फसवणूक: 'आंब्याच्या पेटयेत वरचे मोठे, तळातले बारके.' अशक्य गोष्टीचा करार: 'पाहुण्यांका सांगललंय, डॉल्फिन दिसतलेच.' (हे मात्र बंद करायला हवं. तसं ठामपणे सांगू नये.)

पुढची कडक पानं एकेक सुटताहेत. उघडताना कड् असा बारीक आवाज येतो. माझ्याआधी इथे कोणी आलेलं नाही.

१९ नोव्हेंबर
अस्मिताला आता बाकावर नीट बसता येत नाही. जिन्याच्या पायरीवर बसतो दोघी, पुस्तक मध्ये. तिचं तिच्या पिशवीत असतं, टोपडं बांधलेलं, पण वाचते माझ्यातून. माझे समास वाचून एवढी हसली की पोट धरून बसली. मी घाबरले. म्हणाली, "कायद्यापेक्षा तुमचा लिवलेला बरा कळता ताई."

तिच्या घरी कोणाचा विरोध नाही. नवरा गोव्यात नोकरीला, चांगला आहे. सासू करते सगळं. पण सगळे म्हणतात, बाळ झालं की बघू. ह्या 'बघू'चा मला राग येतो. तिला येत नाही. ती मला म्हणते, ताई तुम्ही फार चिडता.

६ डिसेंबर
सकाळी रापण लागली होती. मी पण गेले ओढायला, बऱ्याच दिवसांनी. पूर्वीसारखं मासळीचं काही राहिलं नाही. एवढी माणसं, एवढा दोर, आणि जाळ्यात मूठभर तारली, थोडे बांगडे. तरी वाटे पडले. म्हाताऱ्या काशीआजींचा पण वाटा निघाला. त्यांच्या घरात ओढायला आता कोणी नाही, पण त्यांच्या माणसाने कधीकाळी जोडलेला जाळ्याचा पदर आहे ना, म्हणून वाटा. कोणी त्यावर वाद घालत नाही.

परतताना वाळूत म. नी विचारलं, "खंयपर्यंत इलंस?" मला आधी कळलंच नाही. पुस्तकाचं विचारत होते. म्हटलं, करार मोडला तर काय, तिथपर्यंत. "मगे शेवटाक इलंस म्हण." हो म्हटलं. जवळजवळ.

पहिल्यांदाच विचारलं असं. मी दिवसभर खूश.

२० डिसेंबर
अस्मिताने पुस्तक पेडणेकरांना परत दिलं. परीक्षेच्या आधीच. मला फोनवर सांगितलं, अगदी सहज. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, प्रवास बंद. "आता खंयचा वाचून होता ताई. दिलंय परत. तेंका तरी दुसऱ्याक देवक मेळात."

मी तिला जप म्हटलं आणि फोन ठेवला. तिला सोपं गेलं. कोणाचं काही अडलं नाही, घरात काही मागे राहिलं नाही. मी सप्टेंबरात जे मनात धरून होते ते तिच्या नशिबी आलं. मला फार वाईट वाटलं. रडले थोडी, कांदा चिरत होते म्हणून कोणाला कळलं नाही.

९ जानेवारी
करार कायद्याचा पेपर आज.

वाईट नाही. चांगला पण नाही. वेळ पुरला नाही, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर सोडावं लागलं. दडपणाचा प्रश्न आला. जाऊबाईंच्या जागी सावकार लिहिला. बाहेर येऊन पोरं उत्तरं जुळवत होती, मी थांबले नाही. जुळवून काय, उत्तरपत्रिका गेली.

अस्मिताच्या जागेवर कोणी नव्हतं. तिचा नंबर बाकावर खडूने लिहिलेला तसाच.

१३ जानेवारी
अस्मिताला मुलगी झाली. दोघी बऱ्या. देवा बरी ठेव.

२ फेब्रुवारी
दुसरं सत्र सुरू. दोन पुस्तकं भाड्याने आणली, एक विकत. म. नी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पेडणेकरकाका म्हणाले, "दसऱ्याक अजून वेळ आसा, तवसर संभाळा." दुकानातली सगळी हसली. मी पण.

भाड्याच्या दोन्हीत पेन्सिलीने लिहितेय. हलक्या हाताने. खड्डे पडतात, पडू देत, कोणाच्यातरी बोटाला लागतील.

पहिल्या सत्राचा निकाल अजून नाही.

१८ फेब्रुवारी
अस्मिताचा आवाजी निरोप आला. मागे बाळ रडतंय. म्हणते, उन्हाळ्यात राहिलेला पेपर देता येतो असं कॉलेजात कळलं. देऊन बघावा म्हणते. पेडणेकरांकडे विचारलं, करार कायद्याच्या सगळ्या प्रती बाहेर गेल्यात, नवीन आवृत्ती येईपर्यंत नाहीत. "ताई, तुमचा पुस्तक माका देशात काय? माका तुमच्याच पुस्तकातला कळता."

दोनदा ऐकला निरोप. उत्तर दिलं नाही.

२० फेब्रुवारी
दिलं नाही अजून उत्तर. का ते लिहून तरी बघते.

उन्हाळ्यात तो पेपर दोघांसाठी आहे: जे बसले नाहीत त्यांच्यासाठी आणि जे नापास झाले त्यांच्यासाठी. मी शेवटचं उत्तर अर्ध्यावर सोडलंय. निकाल कधी लागेल कोणी सांगत नाही. पुस्तक तिच्याकडे गेलं आणि मी नापास झाले तर मला दुसरी प्रत नाही. असती तरी काय? माझं सगळं त्या समासांत आहे. दुसऱ्या कोऱ्या पुस्तकातून मला काही आठवणार नाही.

थांबावं का निकालापर्यंत? तिला सांगावं, निकाल लागू दे, मग देते? रास्त आहे. कोणीही असंच सांगेल. पण महिना गेला तर तिचा काय अभ्यास होणार, तान्ही पोर घेऊन? आणि मी 'बघू' म्हणणार तिला. मीच.

म. ना सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. "पुस्तक तुझा आसा," म्हणाले. एवढंच. कधी कधी माणसाने जास्त बोलावं असं वाटतं.

२२ फेब्रुवारी
बांद्याला जाऊन आले. शिरोड्याहून सावंतवाडी, तिथून बांद्याची गाडी. पुस्तक मांडीवर. वाटेत शेवटचं एकदा चाळलं. जाऊबाईंवर खाडाखोड करावी म्हणून पेन काढलं, मग राहू दिलं.

अस्मिता वाळलीय. पोर काळीभोर, केसाळ, आईच्या खांद्यावर झोपलेली. सासूने चहा, शिरवाळे केले, चार वेळा बसा बसा म्हटलं. मी पुस्तक दिलं. अस्मिताने एका हातानेच उघडलं. पहिल्या पानावरचं कुंकू बघून तिने त्याला बोट लावलं आणि मग तेच बोट पोरीच्या कपाळाला. सुकलेलं कुंकू, उमटलं नाही काही.

मग म्हणाली, "कधी परत हाडून देव ताई?"

मला वाटेत येताना ठरवायला हवं होतं हे. ठरवलं नव्हतं. निकाल लागला की, असं म्हणणार होते, शब्द तोंडापर्यंत आले होते. म्हटलं, "तुझो पेपर झालो की."

ती बघत राहिली माझ्याकडे. तिला हिशोब कळला, हुशार आहे. पोर उठली आणि सगळेच त्या गडबडीत.

आता परतीच्या गाडीत आहे. निकाल नाही, काही नाही. नापास झाले तर उन्हाळाभर बांद्याला यावं लागेल. तिच्या शेजारी बसून, पाळण्याची दोरी ओढत, त्याच पुस्तकातून वाचू.